दोघांचे बोलणे, एकाचा गळा : शब्दभ्रम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम हमखास असे. कार्यक्रमाच्या शेवटी कलाकार बाहुलीला पत्र्याच्या पेटीत ठेवीत आणि झाकण लावीत, आणि मग आतून घुसमटलेला आवाज येई, "अहो, इथे अंधार आहे!" एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे जाऊन मी ती पेटी चाचपून पाहिली होती. पत्रा गार होता आणि आतून कसलाही आवाज येत नव्हता, याचे मला त्या वयात फार वाईट वाटले. पुढे ओठ न हलवता बाहुलीच्या तोंडून बोलण्याची ही विद्या, म्हणजे शब्दभ्रम, मी हौस म्हणून शिकलो आणि आता शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि सोसायट्यांच्या कार्यक्रमांत छोटे प्रयोग करतो. ज्यांच्या मनात अशीच एखादी बाहुली घर करून बसली आहे आणि ज्यांना ती विद्या स्वतः शिकावीशी वाटते, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

मराठी माणसाला शब्दभ्रम म्हटले की पाध्ये कुटुंब आठवते, आणि ते योग्यच आहे. यशवंत पाध्ये यांचे अर्धवटराव त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी पुढे चालवले, त्यांच्या जोडीला आवडाबाई आल्या, आणि आज सत्यजित पाध्ये यांच्या रूपाने तिसरी पिढी हे काम करते आहे. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आणि 1993 साली पडद्यावर आलेला तात्या विंचू हेही रामदास पाध्ये यांच्याच हातचे. मात्र अर्धवटराव आठवताना आपल्याला नेमके काय आठवते, याचा शिकणाऱ्याने आधी विचार करावा. पाध्ये यांचे ओठ किती स्थिर होते हे क्वचितच कोणाच्या लक्षात राहते. अर्धवटराव कसे खोचक बोलत, मान कशी वळवीत आणि त्यांचे बोलणे ऐकून पाध्ये यांच्या चेहऱ्यावर काय उमटे, हे लक्षात राहते. म्हणजे आठवणीत राहते ती दोघांची जोडी. म्हणूनच ओठ न हलवता बोलण्याच्या सरावाकडे वळण्यापूर्वी जोडी जुळवण्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक नवशिके हा क्रम उलटा करतात आणि सहा महिने आरशासमोर बसूनही त्यांच्या हाती पाच मिनिटांचा प्रयोग लागत नाही.

आधी जोडी

शब्दभ्रमाचा आजचा प्रकारच मुळी जोडीतून घडला आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात अनेक कलाकार रंगमंचावर बाहुल्यांची रांगच मांडून बसत आणि एकेकीला बोलते करीत. 1896 च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेड रसेल यांनी ती रांग मोडली आणि 'कॉस्टर जो' नावाचा एकच उद्धट पोरगा गुडघ्यावर बसवला. अनेक आवाज काढून दाखवण्याची करामत मागे पडली आणि एक सभ्य गृहस्थ व त्याला न जुमानणारे पोर यांचा संवाद पुढे आला. शिकणाऱ्यानेही एकच बाहुली घ्यावी आणि निदान वर्षभर तरी दुसरीला हात लावू नये.

आपल्याकडे विनोदी जोडी समजून घ्यायला दूर जावे लागत नाही. तमाशात गण आणि गवळण झाल्यावर जी बतावणी रंगते, तिच्यात एक जण सरळ प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या त्याच्या प्रत्येक शब्दाला फाटा फोडतो. गवळणीतली मावशी आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या यांचे बोलणेही याच घाटणीचे. पाहणाऱ्याला सोंगाड्याच सगळे काही करतो असे वाटते. प्रत्यक्षात प्रश्न विचारणाऱ्याने शब्द नेमका आणि वेळेवर टाकला नाही, तर सोंगाड्याला पकडायला काहीच उरत नाही. शब्दभ्रमकार हा त्या सरळ माणसाच्या जागी असतो, आणि ती जागा दुय्यम मानण्याची चूक करू नये.

चित्रपटांतले लॉरेल आणि हार्डी, म्हणजे मराठी प्रेक्षकांचे जाड्या-रड्या, या दृष्टीने पुन्हा पाहावेत. 1927 पासून जोडी म्हणून ओळखले गेलेले हे दोघे वेगवेगळ्या प्रकारचे मूर्ख आहेत. रड्याला आपण काय करतो आहोत हे कळत नाही, आणि जाड्याला आपल्याला सगळे कळते असे वाटते. डोक्यावर विटा पडून झाल्यानंतर ऑलिव्हर हार्डी जी नजर थेट कॅमेऱ्याकडे लावतात, तिच्यात हसे पिकते. विटा पडताना पिकलेल्या हशापेक्षा ते मोठे असते. बाहुली काहीतरी बोलून गेल्यावर आपण प्रेक्षकांकडे कसे पाहावे, हे शिकायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. दूरचित्रवाणी संचाचा आवाज बंद करून त्यांचा एखादा प्रसंग पाहावा आणि कोण कोणाकडे कधी पाहतो, एवढेच कागदावर टिपावे.

ओठांची काळजी करणाऱ्यांना धीर देण्यासाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतले एडगर बर्गन आणि त्यांचा बाहुला चार्ली मॅकार्थी 1937 पासून कित्येक वर्षे रेडिओवर गाजले, जिथे श्रोत्यांना ना ओठ दिसत होते ना बाहुला. इंग्लंडमध्ये 1950 पासून पीटर ब्रफ आणि त्यांचा आर्ची अँड्र्यूज बीबीसीच्या रेडिओवर तितकेच लोकप्रिय झाले. बर्गन यांचे ओठ हलतात हे सर्वांना माहीत होते आणि चार्ली स्वतःच त्यावरून त्यांची खोडी काढीत असे. तरीही 1938 साली बर्गन यांना ऑस्करचा जो विशेष सन्मान मिळाला, त्याची पुतळी लाकडाची आणि हलणाऱ्या जबड्याची होती. लोकांनी चार्लीला खरा मानले, कारण बर्गन त्याला खरा मानून त्याच्याशी बोलत.

म्हणून पहिला आठवडा असा घालवावा. बाहुली अजून घेऊ नये. एक वही घ्यावी आणि तिच्यात बाहुलीचे वय, गाव, आवडनिवड, तिला कशाचा राग येतो, ती आपल्याला काय म्हणून हाक मारते आणि तिला आपल्याकडून काय हवे आहे, हे सविस्तर लिहावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बाहुलीला काही हवे असेल आणि आपण ते देत नसू, तर संवाद आपोआप सुटतो. तिला काहीच नको असेल, तर तिच्या तोंडी केवळ ऐकीव विनोद येतात. माझा खंड्या नऊ वर्षांचा आहे, त्याला शाळेत जायचे नाही आणि तो मला काका म्हणतो. त्याने मला मामा न म्हणता काका म्हणण्यामागे एक अगदी तांत्रिक कारण आहे, आणि ते पुढच्या धड्यात येईल.

वर्णमालेतला पाचवा वर्ग

या विद्येच्या मूळ लॅटिन नावाचा अर्थ 'पोटातून बोलणे' असा होतो, आणि 'आवाज फेकणे' असेही लोक म्हणतात. या दोन्ही कल्पना मनातून काढून टाकाव्यात. आवाज नेहमीसारखा गळ्यातूनच येतो आणि तो कुठेही फेकता येत नाही. आवाज नेमका कोठून आला हे ठरवताना आपण डोळ्यांवर फार विसंबतो, आणि हलणारे तोंड दिसले की आवाज तिथूनच आला असे मानतो. चित्रपटगृहात ध्वनिक्षेपक पडद्यामागे किंवा भिंतींवर असतात, तरी संवाद नटाच्या तोंडातून येतात असे वाटते, ते याच कारणाने. त्यामुळे आपले तोंड स्थिर आणि बाहुलीचे हलते, एवढी व्यवस्था आपल्याला करावयाची असते.

इथे मराठी माणसाला एक मोठी सोय जन्मतःच मिळालेली आहे. आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानानुसार रचलेली असल्यामुळे कोणती अक्षरे अडतील हे ती स्वतःच सांगते. क वर्ग कंठाचा, च वर्ग टाळूचा, ट वर्ग मूर्धेचा, त वर्ग दातांचा आणि प वर्ग ओठांचा. पंचवीस स्पर्शवर्णांपैकी वीस वर्णांना ओठ लागतच नाहीत. य, र, ल, श, ष, स, ह आणि ळ यांनाही ते लागत नाहीत. अडचण प, फ, ब, भ, म या पाचांची आणि त्यांच्या जोडीला व या अक्षराची आहे.

तोंडाची बैठक आधी पक्की करावी. हलके स्मित करावे, ओठ एकमेकांपासून किंचित विलग असावेत, वरचे आणि खालचे दात जेमतेम टेकलेले असावेत आणि जीभ मोकळी असावी. दात आवळू नयेत, नाहीतर गालांच्या शिरा दिसू लागतात. या बैठकीत ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे, अक्षर नसलेली वाक्ये म्हणावीत, उदाहरणार्थ, "काका, गाडी आली, चला लगेच", किंवा "आजीनं ताज्या दह्यात साखर घातली". पहिल्याच दिवशी ही वाक्ये स्थिर ओठांनी निघतात आणि शिकणाऱ्याला हुरूप येतो. अशी पन्नास वाक्ये स्वतः रचावीत. पुढे संहिता लिहिताना ही सवय फार उपयोगी पडते.

उ, ऊ, ओ आणि औ या स्वरांना ओठांचा चंबू होतो, पण ते मुख्यतः जिभेच्या मागच्या भागावर उभे असतात. स्मित न मोडता "ऊ" म्हणत राहावे आणि जीभ मागे खेचत जावे. चार-पाच दिवसांत स्वर पुरेसा स्पष्ट होतो.

आता पाच ओष्ठ्य अक्षरे. यांच्या जागी त वर्गातली अक्षरे वापरतात, आणि वर्णमाला इथेही मदतीला येते, कारण दोन्ही वर्गांची रचना अगदी सारखी आहे. प च्या जागी त, फ च्या जागी थ, ब च्या जागी द, भ च्या जागी ध आणि म च्या जागी न येतो. अघोष, म्हणजे गळा न घुमवता निघणाऱ्या, अक्षराला अघोष मिळते, महाप्राणाला, म्हणजे श्वासाच्या जोराने निघणाऱ्याला, महाप्राण मिळतो आणि अनुनासिकाला अनुनासिक. मात्र हा नेहमीचा त किंवा द असू नये. जिभेचे टोक न टेकवता तिचा पुढचा रुंद भाग वरच्या दातांच्या कडेला हळुवार टेकवावा आणि हलकेच सोडावा, म्हणजे उच्चार बोथट होतो आणि कानाला ब च्या जवळचा वाटतो. उच्चार करताना मनात मूळ अक्षर घट्ट धरून ठेवावे. हे सांगणे गूढ वाटेल, पण मनात ब असला की गळा आणि श्वास आपोआप ब ची तयारी करतात आणि ऐकणाऱ्याला फरक जाणवतो. म्ह या जोडाक्षराची मराठीत गर्दी असते. त्याच्या जागी न्ह म्हणावा. न्हाणी आणि न्हावी हे शब्द आपल्या जिभेवर असल्यामुळे "म्हातारा" च्या जागचा "न्हातारा" सहज निघतो. व साठी जिभेचा मागचा भाग उचलून झटकन "उअ" असा उच्चार करावा. "वारा" हा "उआरा" झाला तरी वेगात तो वाराच ऐकू येतो.

या पद्धतीत एक धोका आहे. बदललेल्या अक्षराने निरर्थक शब्द तयार झाला, तर ऐकणारा तो मनात दुरुस्त करून घेतो. "कोंबडी" ची "कोन्दडी" झाली तरी कोणी अडखळत नाही, कारण कोंदडी नावाची वस्तू अस्तित्वात नाही. पण "बाबा" चे "दादा" होतात आणि "मामा" चे "नाना" होतात, आणि ही चारही नाती घरोघर असतात. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात बाहुलीने बाबा आल्याची बातमी दिली आणि समोरच्या मुलांनी दादा आला असे समजून पुढचा सगळा प्रसंग ऐकला. तेव्हापासून खंड्याच्या तोंडी काका, काकी, आजी, ताई, दादा आणि आत्या एवढीच मंडळी येतात. पाट आणि ताट, बार आणि दार, भार आणि धार, माती आणि नाती, मळ आणि नळ अशा जोड्यांची यादी वहीत करावी. यांतला ओष्ठ्य शब्द टाळणे शक्य नसेल, तर त्याच्या आधी असा शब्द ठेवावा की अर्थाला दुसरी वाटच उरणार नाही. "अंगणातली माती ओली आहे" असे म्हटले, तर नाती कोणाच्याही मनात येत नाहीत.

एक वेगळा उपायही आहे. अवघड शब्द आपणच आधी मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारावा, मग बाहुलीने तो परत म्हणावा. "पोपट पाहिलास का?" असे आपण विचारल्यावर "कसला तोतट?" असा प्रश्न आला, तरी सभागृहाला पोपटच ऐकू येतो.

सरावासाठी आरसा पहिला आठवडाभर वापरावा आणि नंतर मोबाइलवर चित्रण करावे. आरशासमोर आपण बोलणेही करतो आणि पाहणेही करतो, त्यामुळे दोन्ही अर्धवट होतात. चित्रणाची चाचणी दोन प्रकारे घ्यावी. आधी आवाज बंद करून केवळ ओठ आणि कंठमणी पाहावेत. पुरुषांचा कंठमणी फार बोलतो, म्हणून बंद गळ्याचा किंवा कॉलरचा सदरा घालावा. मग चित्र झाकून केवळ आवाज घरातल्या एखाद्या व्यक्तीला ऐकवावा आणि काय ऐकू आले ते तिला कागदावर लिहायला सांगावे. तिने जे शब्द चुकीचे लिहिले, तोच आपला पुढच्या आठवड्याचा अभ्यास. रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत. गळ्यात खवखव झाली की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा.

बाहुलीचा आवाज आपल्या आवाजाहून निराळा हवा, पण तो निराळेपणा केवळ पट्टी चढवून आणू नये. पिचका आवाज दहा मिनिटांत ऐकणाऱ्याला आणि गळ्याला दोघांनाही नकोसा होतो. गती बदलावी, बोली बदलावी, शब्दांची निवड बदलावी. मी प्रमाण मराठीत सावकाश बोलतो आणि खंड्या घाईघाईत बोलतो. बोली वापरायची असेल, तर ती स्वतःच्या घरची असावी. मालवणी किंवा वऱ्हाडी ज्याला येत नाही, त्याने हसण्यासाठी ती उसनी घेऊ नये. ती बोलणारे लोक समोर बसलेले असतात.

बाहुली आणि तिचा जबडा

पहिली बाहुली विकत घेऊ नये. स्पेनचे सेन्योर वेन्सेस मुठीलाच चेहरा करीत. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या फटीला ओठ रंगवले की अंगठा हाच खालचा जबडा होतो. मोठ्या माणसाचा लांब मोजा घेतला तर आणखी सोपे. चार बोटे पंजाच्या टोकाशी आणि अंगठा टाचेत घालून मधला भाग आत दाबला की तोंड तयार होते. डोळ्यांची बटणे एकमेकांपासून फार दूर लावू नयेत. ती जवळ असली म्हणजे बाहुली कोठेतरी पाहते आहे असे वाटते. पुढे कागदाच्या लगद्याचे किंवा फायबरचे डोके, मानेखालची दांडी आणि जबड्याची कळ असलेली मोठी बाहुली करता येईल, परंतु तिची घाई नसावी.

जबडा हलवताना जवळजवळ प्रत्येक जण दोन चुका करतो. पहिली म्हणजे शब्दाबरोबर तोंड मिटणे. हाताला पकडण्याची सवय असल्यामुळे बोटे शब्दावर आवळली जातात आणि बाहुली शब्द चावते आहे असे दिसते. स्वर उमटतो त्या क्षणी तोंड उघडले पाहिजे. शिवाय वरची चार बोटे स्थिर ठेवून अंगठाच खाली गेला पाहिजे, कारण माणसाचाही खालचाच जबडा हलतो. बोटे वर उडाली की बाहुलीचे डोके प्रत्येक शब्दाला मागे पडते.

दुसरी चूक खास मराठीतली आहे. आपण लिहितो तितकी अक्षरे बोलत नाही. "करवत" या शब्दात चार अक्षरे दिसतात, पण बोलताना त्याचे "कर-वत्" असे दोनच तुकडे होतात, म्हणून तोंडही दोनदाच उघडावे. "अर्धवटराव" लिहिताना सहा अक्षरे होतात, आणि बोलताना अर्-ध-वट्-राव् असे चार तुकडे. लिहिलेली अक्षरे मोजून जबडा हलवला की तो आवाजाच्या मागे राहतो, आणि मग ओठ कितीही स्थिर असले तरी भ्रम टिकत नाही. आकाशवाणीच्या बातम्या लावून मोज्यातला हात निवेदकाच्या आवाजाबरोबर चालवावा; या सरावात आपल्याला बोलावे लागत नसल्यामुळे हाताकडे पूर्ण लक्ष देता येते.

जबड्याइतकीच नजर महत्त्वाची आहे. बाहुली बोलते तेव्हा आपण तिच्याकडे पाहावे, कारण प्रेक्षक आपल्या नजरेच्या मागून जातात. आपण बोलतो तेव्हा बाहुलीने आपल्याकडे पाहावे, आणि पाहताना तिने पुतळ्यासारखे थिजू नये. मान किंचित कलावी, श्वास घेतल्यासारखे अंग हलावे. ज्या क्षणी ऐकणारी बाहुली निश्चल होते, त्या क्षणी ती कापडाची वस्तू होते.

संवाद लिहिताना

माझ्या वहीतला एक छोटा तुकडा इथे देतो. यात खंड्याच्या तोंडी एकही ओष्ठ्य व्यंजन नाही.

मी : खंड्या, आज शाळेत का गेला नाहीस?
खंड्या : काका, शाळा तर रोज तिथेच असते. आज नाही, तर उद्या जाईन.
मी : आणि बाईंनी विचारलं, तर काय सांगशील?
खंड्या : सांगेन, काकांचं डोकं दुखत होतं.
मी : माझं डोकं अजिबात दुखत नाही!
खंड्या : आता दुखेल.

माझ्या वाक्यांत म, ब आणि व आहेत, आणि ते मी मुद्दाम ठेवले आहेत. आपण बोलताना आपले ओठ ठसठशीत हलले पाहिजेत, म्हणजे त्यानंतरची त्यांची स्थिरता आपोआप उठून दिसते. शेवटच्या उत्तराआधी पूर्ण श्वासभर थांबावे. त्या शांततेत खंड्या आधी माझ्याकडे पाहतो, मग सावकाश प्रेक्षकांकडे वळतो, पुन्हा माझ्याकडे पाहतो आणि मगच बोलतो. बोलून झाल्यावर मी लगेच पुढचे वाक्य घेत नाही. हार्डी यांच्याकडून शिकलेली नजर इथे कामी येते. हा थांबा पहिल्या प्रयोगात मी घाबरून गाळला होता आणि तुकडा पूर्ण पडला. पुढच्या खेपेला शब्द तेच ठेवून थांबा घेतला, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत हशा गेला.

या कामात सर्वांत अवघड आहे ते बाहुलीचे उत्तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकणे. ते आपणच लिहिलेले असते, शंभरदा म्हटलेले असते, आणि म्हणत असतानाच आपला चेहरा त्यावर चकित व्हायला हवा असतो. यावर मला एकच उपाय सापडला आहे. बाहुलीचे वाक्य चालू असताना आपले पुढचे वाक्य मनात जुळवायचे नाही. ते संपेपर्यंत फक्त तिच्या डोळ्यांकडे पाहत राहायचे. चेहरा मग स्वतःहून हलतो.

प्रयोग सुरुवातीला सहा-सात मिनिटांहून मोठा करू नये, आणि पहिले प्रेक्षक लहान मुले असावीत. मुले ओठांकडे पाहतात आणि "काका, तुमचेच ओठ हलतात" असे स्पष्ट सांगतात. त्यावर बाहुलीनेच "काकांना सर्दी झालीय" असे काहीतरी उत्तर द्यावे; खंड्याने हे वाक्य इतक्यांदा म्हटले आहे की आता मुले ते वदवून घेण्यासाठीच ओठांचा विषय काढतात. मुलांच्या देखत बाहुली कधीही टेबलावर फेकू नये, तिची मान लोंबू देऊ नये किंवा तिच्यातून हात काढू नये. त्यांच्यासाठी ती अजून तिथेच असते.

पेटी बंद करताना

शेवटी पेटीचा प्रसंग, जो मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. सेन्योर वेन्सेस यांचा पेद्रो तर पेटीत राहणारे केवळ एक डोके होते, आणि झाकण उघडले की तो एखादाच शब्द बोले. कोंडलेला आवाज काढण्यासाठी जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलावा, श्वास आवरून सोडावा आणि जड वस्तू उचलताना निघतो तसा दबका आवाज काढावा. शब्द सावकाश असावेत. झाकण उघडल्याबरोबर, अगदी त्याच क्षणी, जीभ खाली आणून नेहमीचा मोकळा आवाज काढावा आणि झाकण लावताच पुन्हा दाबावा. हात आणि जीभ यांची वेळ एक झाली की भ्रम पूर्ण होतो, आणि तेवढ्यासाठी मी एक रिकामा डबा घेऊन महिनाभर बसलो होतो. आधी झाकण सावकाश हलवावे, मग अर्धे उघडावे आणि आवाजही अर्धाच मोकळा करावा, शेवटी वाक्याच्या मध्येच बंद करावे.

पेटीतले वाक्य लहान हवे आणि त्यात एकही अवघड अक्षर नको, कारण त्या वेळी सर्वांचे डोळे पेटीवर आणि आपल्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. मी बरीच वाक्ये लिहून पाहिली आणि एके रात्री सहज चाळीतले ते जुने वाक्य कागदावर उतरवले. अहो, इथे अंधार आहे. त्यात प वर्गातले एकही अक्षर नाही. त्या कलाकारांनी ते किती विचाराने निवडले असेल, हे मला तेव्हा कळले. आता खंड्याही तेच म्हणतो. ते म्हणून झाल्यावर मी पेटी दोन्ही हातांनी आडवी उचलतो आणि न हिंदकळता आत नेतो, कारण मंडपामागे येऊन ती चाचपून पाहणारे एखादे मूल आजही असते.